बाळंतिणीच्या खोलीतला धर्मवाद

सोळाव्या शतकात पश्चिम युरोपातील ख्रिस्ती समाज कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असा दुभंगला, तेव्हा येशूची आई मरिया आणि तिच्या मागोमाग पूज्य मानल्या गेलेल्या ॲन, मार्गारेट, कॅथरीन, बार्बरा यांसारख्या संत स्त्रिया यांना चर्चमध्ये कोणते स्थान द्यावे, हा वादाच्या प्रमुख मुद्द्यांपैकी एक ठरला. या वादाचा इतिहास सहसा धर्मपरिषदांचे ठराव आणि पंडितांचे खंडनमंडनाचे ग्रंथ यांच्या आधारे लिहिला जातो, आणि तसा लिहिला की तो केवळ पुरुषांनी पुरुषांशी घातलेला वाद दिसतो. इंग्लंडमधील मठांच्या झडत्यांचे अहवाल, बिशपांचे आदेश आणि राजघराण्याच्या खर्चवह्या पाहिल्या म्हणजे मात्र ध्यानात येते, की या वादाची झळ फार लवकर पोहोचली ती बाळंतिणीच्या खोलीपर्यंत; कारण संत स्त्रियांना साकडे घालण्याची सर्वांत निकडीची वेळ तीच होती.

मुळात मरियेच्या थोरवीविषयी पहिल्या पिढीच्या सुधारकांचा फारसा आक्षेप नव्हता, ही गोष्ट पुढच्या कडवटपणात विसरली गेली. ४३१ सालच्या एफिसस येथील धर्मपरिषदेने तिच्यासाठी मान्य केलेली 'देवमाता' ही पदवी जर्मनीतील सुधारक मार्टिन लूथर यालाही मान्य होती, आणि १५२१ साली त्याने मरियेच्या स्तोत्रावर लिहिलेले भाष्य आदराने ओथंबलेले आहे. झुरिकच्या झ्विंग्लीने तर १५२२ साली तिच्या अखंड कौमार्याचे समर्थन करणारे प्रवचन प्रसिद्ध केले. कॅथलिक धर्मशास्त्रानेही मरिया म्हणजे देव असे कधी म्हटलेले नव्हते. ७८७ साली निकिया येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेने देवाची आराधना वेगळी आणि पवित्र प्रतिमांना द्यायचा मान वेगळा असे ठरवून दिले होते, आणि मध्ययुगीन पंडितांनी त्याच्या तीन पायऱ्या केल्या होत्या : केवळ देवालाच अर्पण करायची ती 'लाट्रिया', संतांना द्यायचा सन्मान तो 'डुलिया', आणि संतांमध्ये श्रेष्ठ म्हणून एकट्या मरियेला द्यायचा विशेष सन्मान तो 'हायपरडुलिया'. सुधारकांचे म्हणणे असे, की ही प्रतवारी ग्रंथात कितीही रेखीव असली तरी मूर्तीपुढे मेणबत्ती लावणाऱ्याच्या मनात ती नसते. शिवाय मृत संत जिवंतांची विनवणी ऐकतात असे बायबलमध्ये कुठेही सांगितलेले नाही, आणि देव व मनुष्य यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ आहे. म्हणजे संत स्त्रीचे उदाहरण गिरवावे, तिच्या चरित्राबद्दल देवाचे आभार मानावेत, परंतु तिच्याकडे काही मागू नये. खरा तंटा होता तो या मागण्यावर. १५०५ साली वादळात सापडलेल्या लूथरने स्वतः मरियेची आई संत ॲन हिला हाक मारून मठात जाण्याचा नवस केला होता, आणि त्या नवसापायीच तो संन्यासी झाला होता, हे येथे नोंदवण्यासारखे आहे.

बाळंतपणात हाक मारायची ती प्रामुख्याने मरियेला, ॲनला आणि अँटिऑकच्या मार्गारेटला. मार्गारेटच्या कथेप्रमाणे सैतानाने अजगराचे रूप घेऊन तिला गिळले, पण ती हातातल्या क्रुसाच्या बळावर त्याचे पोट फाडून सुखरूप बाहेर आली, आणि शिरच्छेदापूर्वी तिने देवाकडे असे मागून घेतले की जी अडलेली स्त्री आपले नाव घेईल तिचे मूल धडधाकट जन्मावे. पोटातून सुखरूप बाहेर येणे हा या कथेचा गाभा असल्यामुळे ती बाळंतिणींची संत झाली यात नवल नाही. तिचे चरित्र वेणा देणाऱ्या स्त्रीजवळ वाचले जाई किंवा ती पोथीच तिच्या अंगावर ठेवली जाई. तेराव्या शतकात संतचरित्रांचा सर्वांत लोकप्रिय संग्रह रचणारा याकोबुस दे व्होराजिने हा डोमिनिकन संन्यासी अजगराच्या गोष्टीला अविश्वसनीय म्हणतो, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ जन्माला येण्याच्या अडीचशे वर्षे आधी चर्चमधल्या विद्वानांनी या कथेवर शंका घेतलेली होती. शंकेने प्रघात मात्र थांबला नाही.

प्रघाताचे मुख्य साधन म्हणजे कमरपट्टा. काही मठांमध्ये प्रत्यक्ष मरियेचा किंवा मरिया माग्दालेनाचा म्हणून जपलेला पट्टा असे आणि तो दिवस भरलेल्या स्त्रीच्या पोटाभोवती गुंडाळण्यासाठी उसना दिला जाई. ज्यांना तो मिळत नसे त्यांच्यासाठी चर्मपत्राच्या लांब पट्टीवर प्रार्थना आणि क्रूस काढलेले असत. वेस्टमिन्स्टर मठातील मरियेचा पट्टा राजघराण्यातील स्त्रियांकडे जात असे. सातव्या हेन्रीची राणी एलिझाबेथ ऑफ यॉर्क हिच्या खर्चवहीत डिसेंबर १५०२ मध्ये मरियेचा पट्टा घेऊन आलेल्या संन्याशाला ६ शिलिंग ८ पेन्स दिल्याची नोंद आहे, आणि त्याच वर्षी वॉल्सिंगमसह अनेक तीर्थांवर तिच्या वतीने दक्षिणा पोहोचवण्यासाठी माणसे पाठवल्याच्याही नोंदी आहेत. २ फेब्रुवारी १५०३ रोजी, म्हणजे नेमक्या मरियेच्या शुद्धीकरणाच्या सणादिवशी, लंडनच्या टॉवरमध्ये तिला मुलगी झाली. ती जगली नाही, आणि ११ फेब्रुवारीला, आपल्या सदतिसाव्या वाढदिवशी, राणीही गेली. पट्ट्याने गुण आला नाही म्हणून कोणी पट्टा टाकून दिल्याचे दिसत नाही, कारण त्याच्या जागी ठेवण्यासारखे दुसरे काही कोणाकडेच नव्हते.

नॉरफोकमधील वॉल्सिंगम हे इंग्लंडमधील मरियेचे सर्वांत मोठे तीर्थ होते. परंपरेनुसार १०६१ साली रिशेल्डिस नावाच्या एका जमीनदारणीने नाझरेथच्या घराची प्रतिकृती तेथे बांधली, आणि पुढे ऑगस्टिनियन संन्याशांनी त्या जागेचा कारभार पाहिला. १ जानेवारी १५११ रोजी आठव्या हेन्रीला मुलगा झाला तेव्हा तो त्याच महिन्यात वॉल्सिंगमला गेला. बाळ दोन महिन्यांचेही झाले नाही. हेन्रीची पहिली राणी कॅथरीन ऑफ ॲरागॉन १५१३ साली तेथे गेली, आणि घटस्फोटानंतर एकाकी अवस्थेत १५३६ साली मरताना तिने आपल्या वतीने कोणीतरी वॉल्सिंगमची यात्रा करावी आणि वाटेत दानधर्म करावा असे लिहून ठेवले. मुलगा न जगणे हे ज्या राणीच्या दुर्दैवाचे मूळ होते तिची शेवटची इच्छा या तीर्थाशी बांधलेली असावी, याला योगायोग म्हणणे कठीण आहे.

या भक्तीची थट्टा प्रथम केली ती कॅथलिक विद्वानांनी. इरास्मस हा डच पंडित वॉल्सिंगमला जाऊन आला होता, आणि १५२६ साली त्याने यात्रेवर लिहिलेल्या संवादात तेथे दाखवल्या जाणाऱ्या मरियेच्या दुधाच्या कुपीची टर उडवली. त्याच संवादात मरियेने लिहिलेले म्हणून एक काल्पनिक पत्र आहे. लोक आपल्याकडे नको नको ते मागतात अशी तक्रार ती त्यात करते, पण सगळ्या संतांना हाकलले तरी आपल्याला पुत्रासकट हाकलावे लागेल असा इशाराही देते. पत्राचा हा दुसरा भाग सुधारकांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवला, आणि दहाएक वर्षांत या संवादाचे इंग्रजी भाषांतर यात्रांविरुद्धच्या प्रचारासाठी निघाले. यात्रा आणि मूर्ती यांचे समर्थन करण्यासाठी टॉमस मोर याने १५२९ साली ग्रंथ लिहिला, पण संत विल्गेफोर्टिसचा विषय निघताच त्यालाही हसू आवरले नाही. दाढी असलेल्या या दंतकथेतील कुमारीला लंडनच्या स्त्रिया 'अनकंबर' म्हणत, आणि नवऱ्याच्या जाचातून सुटका व्हावी म्हणून सेंट पॉल कॅथेड्रलमधील तिच्या मूर्तीपुढे ओट धान्य वाहत. ज्या देशात बाईला नवऱ्यापासून कायद्याने मोकळे होण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता त्या देशात हा नवस कोण आणि का करीत असेल, याचा विचार ना मोरने केला ना त्याच्या विरोधकांनी. पुढे याच मोरला राजाच्या घटस्फोटाच्या प्रकरणात प्राण गमवावे लागले.

१५३५ च्या उन्हाळ्यात राजमंत्री टॉमस क्रॉमवेलचा अधिकारी रिचर्ड लेटन मठांच्या झडत्या घेत पश्चिम इंग्लंडात फिरला, आणि ऑगस्टमध्ये त्याने क्रॉमवेलकडे दोन पट्टे धाडून दिले : ब्रूटनच्या मठातील मरियेचा तांबड्या रेशमाचा, आणि फार्लेच्या मठातील मरिया माग्दालेनाचा, जो सम्राज्ञी मटिल्डाने दिला अशी समजूत होती. दोन्ही पट्टे अडलेल्या स्त्रियांकडे मोठ्या आदराने पाठवले जातात, असे त्याने सोबतच्या पत्रात लिहिले आहे. ज्या स्त्रियांकडे ते पाठवले जात त्यांना विचारल्याचा उल्लेख अर्थातच नाही. १५३८ साली सॉल्झबरीचा बिशप निकोलस शॅक्स्टन याने सुईणींसाठी स्वतंत्र आज्ञा काढली, की अडलेल्या बाईला अमुक मूर्तीच्या यात्रेचा नवस बोलायला लावू नये, मरियेचे पट्टे, थैल्या किंवा मापाच्या दोऱ्या वापरू नयेत, आणि फक्त देवाचा धावा करावा. त्याच वर्षी वूस्टरचा बिशप ह्यू लॅटिमर याने क्रॉमवेलला लिहिलेल्या पत्रात आपल्या गावची मरियेची मूर्ती आणि वॉल्सिंगम, इप्सविच, डॉनकॅस्टर व पेनरीस येथील तिच्या 'बहिणी' या सगळ्यांची एकत्र होळी करावी अशी खुशीत सूचना केली. वॉल्सिंगमची मूर्ती उन्हाळ्यात लंडनजवळ चेल्सीला नेऊन जाळण्यात आली. आदल्या वर्षी त्या परिसरात उठावाचा कट केल्याच्या आरोपावरून मठाच्या उपप्रमुखासह अकरा जणांना देहान्त शिक्षा झालेली होती. मूर्तींना जाळायला निघालेला लॅटिमर स्वतः १५५५ साली, मेरी राणीच्या कॅथलिक राजवटीत, ऑक्सफर्डमध्ये जिवंत जाळला गेला.

पट्टे इतके नेटाने नष्ट केले गेले की हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच नमुने उरले. त्यांतील एक लंडनच्या वेलकम संग्रहात आहे : पंधराव्या शतकाच्या अखेरीची किंवा सोळाव्याच्या आरंभीची, सुमारे १० सेंटिमीटर रुंद आणि ३ मीटरहून लांब अशी चर्मपत्राची गुंडाळी, जिच्यावरची अक्षरे हाताळून हाताळून पुसट झाली आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिच्या पृष्ठभागावर मध, दूध, कडधान्ये यांचे अंश आणि प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या शरीरातून येणाऱ्या स्रावाची प्रथिने सापडली. ही पट्टी केवळ शोभेला किंवा पठणाला नसून प्रत्यक्ष अंगावर बांधली जात होती, हे त्यातून दिसते. बिशपांच्या आज्ञांपेक्षा हा पुरावा जास्त बोलका आहे.

धर्माचे अधिकृत निर्णय पट्टे आणि मूर्ती नष्ट झाल्यानंतर झाले. डिसेंबर १५६३ मध्ये ट्रेंट येथील कॅथलिक परिषदेने संतांकडे मध्यस्थी मागणे चांगले आणि उपयुक्त असल्याचे ठरवले, पण मूर्तीत स्वतःची अशी शक्ती असते असे मानू नये आणि भक्तीतील भोळसट प्रकार बंद करावेत असेही बजावले. चर्च ऑफ इंग्लंडने, म्हणजे राजाला प्रमुख मानणाऱ्या इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चने, आपल्या ३९ कलमांपैकी बाविसाव्यात संतांचा धावा हा बायबलमध्ये आधार नसलेला पोकळ कल्पनाविलास ठरवला. बाळंतिणीच्या खोलीत उभे राहून पाहिले तर हे दोन निर्णय वाटतात तितके दूरचे नाहीत, कारण पट्टा, थैली आणि दोरी या वस्तू दोन्हीकडच्या धर्मपंडितांना सारख्याच खटकत होत्या. फरक एवढाच की कॅथलिक स्त्रीला हाक मारायला कोणीतरी शिल्लक राहिले. इंग्लंडमध्ये सुईणींना परवान्यासाठी जादूटोणा आणि मंत्रतंत्र न करण्याची शपथ घ्यावी लागू लागली. १५६७ साली कँटरबरीच्या आर्चबिशपपुढे एलिनर पीड हिने घेतलेली अशी शपथ उपलब्ध आहे. बाळंतिणीने महिनाभराने चर्चमध्ये येण्याचा विधी उरला, पण 'शुद्धीकरण' हे त्याचे १५४९ सालचे नाव १५५२ मध्ये बदलून 'आभारप्रदर्शन' करण्यात आले.

एवढे करूनही प्रोटेस्टंट इंग्लंडला संत स्त्रियांवाचून राहता आले नाही, आणि या इतिहासाचा सर्वांत उद्बोधक भाग येथेच आहे. जॉन फॉक्स याने १५६३ साली प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे वाढवत नेलेल्या हुतात्म्यांच्या प्रचंड ग्रंथात मेरी राणीच्या काळात जाळल्या गेलेल्या कितीतरी स्त्रिया आहेत, आणि त्यांतील पेरोटीन मॅसी हिची हकीकत वाचणाऱ्याला विसरता येत नाही. ग्वेर्नसी बेटावर जुलै १५५६ मध्ये तिला आई आणि बहिणीसह जाळले, तेव्हा ती गरोदर होती. ज्वाळांत तिचे पोट फुटून मुलगा बाहेर पडला, एकाने त्याला उचलले, आणि बेटाच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या हुकमावरून त्याला पुन्हा आगीत टाकले, असे फॉक्स सांगतो. कॅथलिक पंडित टॉमस हार्डिंग याने उत्तर दिले की गरोदर स्त्रीची शिक्षा पुढे ढकलण्याची तरतूद कायद्यात असताना तिने आपली अवस्था लपवली, म्हणून बाळाच्या मृत्यूला जबाबदार तीच. फॉक्सने पुढच्या आवृत्तीत या आक्षेपाला सविस्तर उत्तर दिले. तीस वर्षांनी पारडे फिरले. यॉर्कमधील एका खाटकाची बायको मार्गारेट क्लिदरो हिच्यावर कॅथलिक धर्मगुरूंना घरात लपवल्याचा आरोप होता, आणि आपल्या मुलांना साक्षीला उभे राहावे लागू नये म्हणून तिने आरोपाला उत्तरच देण्याचे नाकारले. २५ मार्च १५८६ रोजी, मरियेला देवदूताने दिलेल्या निरोपाच्या सणादिवशी, अंगावर वजने रचून तिला चिरडून मारण्यात आले. तीही गरोदर असावी असा संशय होता, न्यायाधीश शिक्षा लांबवायला तयार होता, पण तिने गरोदरपणाची सबब निःसंदिग्धपणे पुढे केली नाही. तिचा धर्मगुरू जॉन मश याने तिचे चरित्र लिहिले, आणि तिचा म्हणून एक हात यॉर्कच्या बार कॉन्व्हेंटमध्ये आजही जपलेला आहे. दोन्ही पंथांच्या या दोन स्त्रिया, दोघींच्या पोटातल्या बाळावरून झालेली चर्चा, आणि दोघींच्या मरणाचा ग्रंथ झालेला. क्लिदरोची प्रार्थना मागता येते आणि मॅसीची मागता येत नाही, एवढ्या एका रेषेवर सगळा धर्मवाद येऊन थांबतो.

इंग्लंडमध्ये हे घडत असताना त्याच देशातील एक कॅथलिक पश्चिम भारतात येऊन पोहोचला होता. विल्टशरचा टॉमस स्टीफन्स हा जेझुइट संन्यासी १५७९ साली गोव्यात उतरला, आणि मायदेशी जिच्या मूर्ती जळत होत्या त्या मरियेची कथा त्याने ज्यात सांगितली ते 'क्रिस्तपुराण' हे मराठी ओवीबद्ध काव्य १६१६ साली राशोल येथे छापले गेले. पोर्तुगीज अमलाखालील किनाऱ्यावर मरियेच्या भक्तीला प्रोटेस्टंट सुधारणेचा हात लागलाच नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीला, म्हणजे 'मोत मावली'ला, ८ सप्टेंबरनंतर भरणाऱ्या जत्रेत मूल व्हावे म्हणून मेणाचे बाळ वाहण्याची रीत आजही आहे आणि नवस बोलणाऱ्यांत हिंदू आणि पारशीही असतात. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या मराठी मंडळ्यांना हा प्रकार सर्वस्वी परका होता. पंडिता रमाबाई या दोहोंच्या मधल्या टापूत ख्रिस्ती झाल्या : सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा वाँटेज येथे झाला तो 'कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन' या संघात, जो चर्च ऑफ इंग्लंडमधील असूनही जोगिणींचा आणि मरियेच्या नावाचा होता. ऑक्सफर्डमध्ये १८३३ पासून सुरू झालेल्या चळवळीने जुन्या कॅथलिक रीती प्रोटेस्टंट चर्चमध्ये परत आणल्या, तिचे हे फळ. या संघाच्या शिस्तीशी रमाबाईंचे पुढे पटले नाही.

याच चळवळीच्या प्रभावातून वॉल्सिंगमही पुन्हा उभे राहिले, आणि तेही दोनदा. शार्लट बॉइड या बाईने विकत घेऊन दुरुस्त केलेल्या जुन्या स्लिपर चॅपेलमध्ये कॅथलिकांनी १९३४ साली आपले राष्ट्रीय तीर्थ स्थापले. गावातल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मगुरूने, आल्फ्रेड होप पॅटन याने, १९२२ साली आपल्या चर्चमध्ये मरियेची मूर्ती बसवली आणि बिशपच्या नाराजीमुळे १९३१ साली ती वेगळ्या इमारतीत हलवली. वार्षिक यात्रेच्या दिवशी कट्टर प्रोटेस्टंट अजूनही रस्त्यात फलक घेऊन निषेधाला उभे राहतात. रोममध्येही एकमत सहज झाले नाही : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढावा की चर्चविषयीच्या दस्तऐवजातच तिचे प्रकरण घालावे, यावर २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झाले तेव्हा दुसऱ्या पर्यायाला १,११४ आणि पहिल्याला १,०७४ मते पडली.

बाळंतिणींच्या मार्गारेटचे काय झाले, हे सांगणे उरते. ऐतिहासिक आधार नसल्याच्या कारणावरून १९६९ साली रोमने तिचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढून टाकला, आणि पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, जिच्या खटल्याची साक्ष उपलब्ध आहे त्या यॉर्कच्या मार्गारेट क्लिदरोला संतपद दिले. चर्च ऑफ इंग्लंडने अँटिऑकच्या मार्गारेटचे नाव १६६२ सालच्या प्रार्थनापुस्तकाच्या दिनदर्शिकेत ठेवले होते, ब्रिटिश संसदेच्या शेजारी तिच्या नावाचे चर्च उभे आहे, आणि त्या पंथाच्या आजच्या दिनदर्शिकेतही २० जुलै हा दिवस तिचाच आहे.